वळणाच्या आधी वाजणारं यंत्र : ट्रक पलटी रोखण्याची साधनं घेण्यापूर्वी कशी तपासावीत

निपाणीच्या एका वाहतूकदारांनी विचारलंय : त्यांच्या बारा गाड्या आहेत. काही गाड्या हंगामात ऊस आणि एरवी तंबाखूचे बोद (गठ्ठे) वाहतात, काही बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून पुण्याकडे कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) नेतात आणि दोन टँकर मळीचे आहेत. गेल्या हंगामात त्यांची उसाची एक गाडी वळणावर पलटी झाली, ड्रायव्हर वाचला पण हात गेला. आता एक विक्रेता सांगतोय की केबिनमध्ये यंत्र बसवा, गाडी कलायला लागली की जोरात वाजेल. याचा खरंच उपयोग होतो का, आणि पैसे घालण्याआधी स्वतः तपासता येतं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

मालक, उपयोग होतो. पण "कलायला लागली की वाजेल" हे ज्या यंत्राचं वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जातं, ते मी तुम्हाला घेऊ देणार नाही. भरलेल्या गाडीची आतली चाकं एकदा रस्ता सोडून उचलली की उरतो तो सेकंद-दीड सेकंद. त्यात ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. त्यातही आधी उचलतात ती मागच्या धुऱ्याची चाकं. ट्रेलर असेल तर मागचा सांगाडा कलत असताना केबिन जवळजवळ सरळ असते, त्यामुळे ड्रायव्हरला बसल्या जागी काही कळतच नाही. म्हणून पहिली कसोटी एकच : इशारा वळणात शिरण्याआधी मिळतो की शिरल्यावर?

किती आधी मिळायला हवा याचा हिशेब करू. उतारावर ताशी ५५ किलोमीटरने भरलेली गाडी येतेय आणि पुढचं वळण ३५ ने घ्यायला हवं. इशारा ऐकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद धरा, तेवढ्यात गाडी ३० मीटर पुढे जाते. मग लोड न हलता, चाक न घसरता वेग उतरवायला आणखी ७० मीटर लागतात. म्हणजे वळणाच्या तोंडापासून निदान १०० मीटर आधी वाजलं तर कामाचं. जे यंत्र फक्त कल मोजतं त्याला १०० मीटर पुढचं दिसत नाही. त्याला रस्त्याचा नकाशा, वळणाची त्रिज्या आणि गाडीचा वेग तिन्ही माहीत हवेत. तुमच्या गाड्यांना आधीच असलेलं जीपीएस या कामाचं नाही. गाडी कुठे आहे हे मालकाला दाखवण्यासाठी ते काही सेकंदांनी एकदा ठिकाण पाठवतं, आणि ताशी ५० च्या वेगात पाच सेकंदांत गाडी सुमारे ७० मीटर गेलेली असते. वेगमर्यादक ८० वर अडवतो, ३५ च्या वळणावर तोही निरुपयोगी.

आता लोडाचं बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. गाडी पलटी होण्याची मर्यादा ढोबळमानाने दोन मापांवर ठरते : दोन्ही बाजूंच्या चाकांमधल्या अंतराचं अर्ध, भागिले गुरुत्वमध्याची उंची. मागच्या धुऱ्यावर ते अर्ध अंतर साधारण ०.९३ मीटर धरा. उद्यमबागेतलं कास्टिंग हौद्याच्या तळाशी बसतं, त्यामुळे भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य १.४ मीटरच्या आसपास राहतो. तेवढ्याच वजनाचा ऊस फाळक्यांच्या वर रचला की तो १.८ ते २ मीटरवर जातो. कागदावर कास्टिंगच्या गाडीची मर्यादा ०.६६ जी (म्हणजे गाडीच्या वजनाच्या ०.६६ पट बाजूचा जोर) निघते, उसाच्या गाडीची ०.४६ ते ०.५२. रस्त्यावर पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एका बाजूला दबतात, टायर वाकतात, लोड सरकतो, म्हणून खरी मर्यादा याहून बरीच खाली असते. उंच लोडाच्या गाडीला मी ०.३५ च्या वर कधी धरत नाही. सपाट रस्त्यावर ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ०.३५ म्हणजे ताशी ४७ किलोमीटर. त्याच वळणात कास्टिंगची गाडी ०.५ धरली तरी ५६ पर्यंत तग धरते. दोन्ही गाड्या एकाच मालकाच्या, एकाच कंपनीच्या, वजन काट्यावर सारखं, आणि फरक नऊ किलोमीटरचा. ड्रायव्हर काल कास्टिंग घेऊन गेला आणि आज उसावर बसला, तर त्याचा अंदाज कालचाच असतो.

आणि वेग थोडा वाढला की बाजूचा जोर थोडाच वाढेल असं नसतं, तो वर्गाने वाढतो. ४० चे ४८ केले, म्हणजे वेग वीस टक्के वाढवला, की बाजूला फेकणारा जोर ४४ टक्के वाढतो. हे मी प्रत्येक ड्रायव्हरला सांगतो, कारण "आठनं काय होतंय" असं सगळ्यांनाच वाटतं.

म्हणून यंत्राबद्दल विक्रेत्याला दुसरा प्रश्न विचारा : गाडी रिकामी आहे, कास्टिंगने भरलीय की उसाने, हे याला कसं कळतं? हवेच्या सस्पेन्शनच्या गाडीत दाबावरून वजन तरी कळतं, तुमच्या पाट्यांच्या गाड्यांत तेही सहज कळत नाही. आणि वजन कळलं तरी उंची कळत नाहीच. तंबाखूच्या बोदांचं वजन कमी पण रचलेली उंची मोठी, तिथे वजनावरून चालणारं यंत्र फसतं. साधा उपाय हा की केबिनमध्ये तीन खाचांचं बटण असावं : रिकामी, खालचा लोड, उंच लोड. ड्रायव्हरने लोड बांधून झाल्यावर ते फिरवायचं. बटण नसेल तर यंत्र कायम उंच लोडावर ठेवायला सांगा. मग ते कास्टिंगच्या गाडीत विनाकारण ओरडेल, तिथे ते लावूच नका.

टँकरचं गणित वेगळं आणि जास्त धोक्याचं आहे. मळीची घनता पाण्याच्या सुमारे १.४ पट असते. २० हजार लिटरच्या टाकीत २० टन मळी भरली, तर ती १४ हजार लिटरच्या जवळपास होते. म्हणजे वजन पूर्ण, पण टाकी तीस टक्के रिकामी. वळणात ती मळी बाहेरच्या बाजूला चढते आणि गुरुत्वमध्यही तिकडे सरकतो. दाट असल्यामुळे ती दुधासारखी हेलकावत नाही, हे खरं. पण लांब वळणात तिला सरकायला भरपूर वेळ मिळतो. टाकीतल्या आडव्या पडद्यांमुळे ब्रेक मारल्यावर पुढे-मागे होणारा लोंढा अडतो, बाजूला सरकणं अडत नाही. टँकर किती अंशांपर्यंत कलवून तपासायचा याचा आंतरराष्ट्रीय नियमही आहे : संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक १११ प्रमाणे भरलेला टँकर झुकत्या मंचावर २३ अंशांपर्यंत उलटता कामा नये. नवा टँकर बांधून घेताना बॉडी बांधणाऱ्याला हा आकडा सांगून टाकीची उंची विचारा. वापरातल्या टँकरला इशाऱ्याची पातळी उसाच्या गाडीपेक्षाही खाली लावा.

आता तपासणी. मंचावर कलवणं, बाजूला आधाराचे हात बांधून गाडी मर्यादेपर्यंत नेणं, ही कामं पुण्याच्या एआरएआय किंवा पिथमपूरच्या नॅट्रॅक्ससारख्या वाहन-चाचणी केंद्रांची. तुम्ही रस्त्यावर किंवा घाटात "बघू वाजतं का" म्हणून वेगात वळण घ्यायचं नाही, कोणाला घ्यायला लावायचंही नाही. मर्यादेच्या जवळ न जाता यंत्र तपासायची सोपी रीत आहे, ती नीट सांगतो.

सपाट, टणक, माणसं-जनावरं फिरकणार नाहीत असं मोठं आवार घ्या. मधोमध खुंटी ठोका, ३० मीटरची दोरी बांधा आणि फक्कीने पूर्ण गोल आखा. बाहेरच्या बाजूला आणखी पंधरा-वीस मीटर मोकळी जागा हवी. गाडी रिकामी ठेवा. विक्रेत्याला यंत्राची पातळी ०.१ जी वर आणायला सांगा. आता गाडीचा मध्य फक्कीच्या रेषेवर ठेवून एकसारख्या वेगाने गोल फिरवा. एका फेरीचं अंतर साधारण १८८ मीटर होतं. फेरी ३४ सेकंदांत पुरी झाली तर वेग ताशी २० आणि बाजूचा जोर ०.१ च्या किंचित वर. यंत्र इथे वाजायला हवं. फेरी २७ सेकंदांत पुरी झाली तर वेग ताशी २५ आणि जोर ०.१६. पडद्यावर हाच आकडा दिसायला हवा. स्पीडोमीटरवर विसंबायची गरज नाही, मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. मग उलट्या दिशेने फिरवा. उजवीकडे ०.१९ आणि डावीकडे ०.१३ दाखवत असेल तर यंत्र तिरकं बसलंय. असं यंत्र एका बाजूच्या वळणांत उशिरा बोलेल, आणि गाडी नेमकी तिकडेच जाईल.

ही फेरी घेताना यंत्र कुठे बसवलंय तेही बघा. पुष्कळ जण ते डॅशबोर्डवर दुहेरी चिकटपट्टीने लावतात. केबिन स्वतःच्या स्प्रिंगांवर डोलत असते, खड्ड्यात आपटते, आणि उन्हाने पट्टी सुटते. कल मोजणारा भाग चेसिसवर बोल्टने बसवायला हवा, केबिनमध्ये फक्त दिवा आणि भोंगा.

मैदानात पास झालेलं यंत्र मग तुमच्या रस्त्यावर न्या, पण महिनाभर मुकं. भोंगा बंद, नोंद चालू. संकेश्वरकडून निपाणीकडे उतरताना तवंदी घाट, बेळगावच्या अलीकडचा वंटमुरी घाट, आणि गोव्याकडे गाड्या जात असतील तर अनमोडची उतरण, यातली आठ-दहा वळणं ठरवून घ्या. प्रत्येक वळणात गाडी किती वेगाने शिरली ते रोज उतरवा, भरलेली आणि रिकामी वेगळी. अनमोडकडच्या झाडीत आणि दरीच्या कुशीत जीपीएसचं ठिकाण सरकतं, वळण संपल्यावर नोंद पडते. मुक्या महिन्यात हे दिसून येतं. जिथे नोंद वळणाच्या नंतर पडते, तिथे इशाराही नंतरच वाजला असता.

त्यानंतर अर्ध्या गाड्यांत भोंगा चालू करा, अर्ध्या मुक्याच ठेवा, आणि काही आठवड्यांनी अदलाबदल करा. सगळ्या गाड्यांना एकदम लावलं आणि वेग उतरला, तर तो यंत्रामुळे उतरला, धुक्यामुळे, की रस्त्याचं काम निघालं म्हणून, हे कधीच कळणार नाही. पावसाळ्यातले आकडे हंगामातल्या आकड्यांशी ताडू नका.

विक्रेते हमखास सांगतात की अमुक मालकाने यंत्र लावल्यापासून एकही गाडी पलटी झाली नाही. पलटी होणं ही दुर्मीळ गोष्ट आहे. बारा गाड्यांत यंत्र न लावतासुद्धा वर्ष-दोन वर्षं एकही पलटी न होता जाऊ शकतात. त्यामुळे पलट्या मोजून काही सिद्ध होत नाही, ठरलेल्या वळणांत शिरतानाचा वेग मोजून होतं. त्यातही सरासरीपेक्षा सगळ्यात वेगाच्या फेऱ्या बघा. सरासरी ३६ वरून ३५ वर आली याने माझं समाधान होत नाही. ज्या चार फेऱ्या ४८ ने झाल्या होत्या, त्या ४० च्या आत आल्या का, ते मला हवंय.

आता केबिनमध्ये बसून बघायची गोष्ट. ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघणारा कॅमेराही तुम्हाला दाखवला जाईल. डोळे मिटले, मान कलली की ओरडणारा. पुणे-बेंगळुरूच्या लांब सरळ रस्त्यावर पहाटे दोन ते पाच या वेळेत तो सोन्याच्या मोलाचा आहे, असं मी जबाबदारीने सांगतो. पण घाटात तीव्र वळण घेताना चांगला ड्रायव्हर मान पूर्ण वळवून आरशात मागची चाकं बघतो. कॅमेऱ्याला वाटतं त्याचं लक्ष उडालं, आणि तो "समोर बघा" म्हणून केकाटतो. म्हणजे जो नीट चालवतोय त्यालाच ओरडा. चार वळणांनंतर ड्रायव्हर खांद्यावरचा टॉवेल कॅमेऱ्यावर टाकतो, आणि मग पहाटे डोळा लागतो तेव्हाही टॉवेल तिथेच असतो. म्हणून स्टिअरिंग जास्त वळलेलं असताना किंवा वेग ३० च्या खाली असताना लक्ष उडाल्याचा इशारा आपोआप थांबतो का, हे विचारा. दिवसा काळा चष्मा किंवा रात्री थंडीतली कानटोपी घातल्यावर डोळे टिपतो का, तेही आवारात ड्रायव्हरला बसवून बघा.

इशाऱ्याचा आवाज इंजिन घाटात ओरडत असताना, खिडकी उघडी आणि गाणी चालू असताना ऐकू यायला हवा. बोलका इशारा असेल तर तो ड्रायव्हरच्या भाषेत हवा. तुमच्याकडे चिकोडी-रायबागचे कन्नड बोलणारे आहेत, निपाणी-कागलचे मराठी बोलणारे आहेत, आणि यंत्र इंग्रजीत लांबलचक वाक्य म्हणत बसतं. तोवर वळण आलेलं असतं. एक छोटा शब्द आणि सीटला थरथर, एवढं पुरे.

नोंदींवरून पगार कापू नका. हे मी कळकळीने सांगतोय. पहिल्या महिन्यात कोणाचे शंभर रुपये जरी कापले, तरी दुसऱ्या महिन्यात वायर सुटलेल्या सापडतात. ड्रायव्हरना नोंदी दाखवा, एका वळणावर सगळ्यांचाच वेग जास्त निघत असेल तर तिथे काय होतं ते त्यांनाच विचारा. बऱ्याचदा उत्तर वळणाच्या आधीच सापडतं : डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडलेली असते. इंजिनचा वेग खाली आणि गाडीचा वेग वर, हे यंत्राला इंजिनच्या नोंदीतून कळू शकतं, आणि घाटाच्या माथ्यावरच "गिअरमध्ये घ्या" असा इशारा देणारं यंत्र मला वळणात ओरडणाऱ्यापेक्षा जास्त आवडतं. न्यूट्रलमध्ये उतरून ब्रेक तापले की खालच्या वळणावर कुठलाही इशारा वेळेवर असला तरी वेग उतरत नाही. डिझेलचा बोनस देत असाल तर तो आधी बंद करा.

काही पलट्या यात बसतच नाहीत. अथणी, रायबागकडच्या काळ्या मातीत समोरच्याला वाट द्यायला गाडी साईडपट्टीवर उतरते, पावसाने मऊ झालेल्या मातीत चाक रुततं, आणि ड्रायव्हर घाबरून स्टिअरिंग उलटं ओढतो. इथे वळणही नसतं आणि वेगही मोठा नसतो. वळणाचा इशारा देणारं यंत्र तिथे गप्प राहतं. रस्ता सोडल्याचा इशारा देणारं यंत्र पट्टे रंगवलेले असतील तिथेच चालतं, आणि आतल्या रस्त्यांवर पट्टे कुठे आहेत? तिथे ड्रायव्हरला एवढंच शिकवावं लागतं की चाक उतरलं तर ओढायचं नाही. सरळ धरून वेग उतरवायचा आणि मग हळूच वर घ्यायचं.

आणि झोप. साखर कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत ड्रायव्हर रात्रभर गाडीतच असतो, गाडी सरकली की उठतो, आणि रिकामा झाला की लगेच फडाकडे निघतो. त्याचे डोळे मिटतात हे कॅमेरा सांगेल, पण त्याला झोपू द्यायचं की पुढची खेप घ्यायची हे तुम्ही ठरवता. मोटार वाहतूक कामगारांसाठीचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तासांचं काम धरत होता; नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं झालंय, ही माझ्या मते पलटी रोखणारीच तरतूद आहे. तुमच्या जुन्या गाड्यांना निदान पंखा आणि नीट झोपता येईल अशी फळी करून द्या. सीटबेल्ट तुटलेले असतील तर या आठवड्यात बदला. पलटीत माणूस बहुतेक वेळा दारातून किंवा काचेतून अर्धा बाहेर फेकला जातो आणि गाडीखाली येतो. बेल्ट लावलेला असेल तर तो सीटवर राहतो. क्लीनरच्या बाजूचाही बेल्ट बघा.

शेवटी खरेदीचं. वेग स्वतःहून कमी करणारं, इंजिनचा जोर तोडून एकेका चाकाला ब्रेक लावणारं स्थिरता नियंत्रण सगळ्यात भरवशाचं. अमेरिकेत २०१५ साली जड ट्रॅक्टर-ट्रकसाठी त्याचा नियम आला आणि २०१७ पासून तो लागू झाला. पण ते ब्रेकच्या यंत्रणेचाच भाग असतं, जुन्या गाडीत डबा लावून येत नाही. पुढचा टँकर घ्याल तेव्हा ते असलेलंच मॉडेल घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. आहे त्या उसाच्या आणि तंबाखूच्या गाड्यांना वळणाआधी बोलणारं, लोडाचं बटण असलेलं यंत्र लावा. दोन टँकरना तेच, खालच्या पातळीवर. कास्टिंगच्या पुण्याच्या गाड्यांना आधी कॅमेरा, आणि लोड पाचर मारून, साखळीने घट्ट बांधण्याची शिस्त, कारण तिथे गुरुत्वमध्य खाली असला तरी सुटलेला लोखंडी तुकडा वळणात बाजूची फळी फोडतो.

विक्रेत्याशी करार करताना तीन गोष्टी लिहून घ्या. तीन महिने दोन गाड्यांवर वापरून परत करायची मुभा. इशाऱ्याची पातळी तुम्हाला बदलता यावी, त्यासाठी दर वेळी त्यांचा माणूस बोलवावा लागू नये. आणि सगळ्या नोंदी वेळेसकट, सेकंदासेकंदाच्या, तुमच्या ताब्यात याव्यात. नुसती महिन्याची गुणपत्रिका आणि हिरवे-लाल गोल देणाऱ्याला सांगा की वळणात शिरतानाचा वेग दाखवा. दाखवता येत नसेल तर मैदानावर फक्की आखण्याचीही गरज नाही, दुसरा विक्रेता बघा.